चाळिशी : एक पट्टी, एक पोस्टकार्ड आणि आमच्या घरातले बारा डोळे

डोंगरवाट (धागाकर्ता)

मला चौथीत चष्मा लागला, तेव्हापासून मी ढापण्या. लग्नानंतर चिडवायचा हक्क बायकोकडे गेला. तिची नजर घारीची. एसटी अजून वळणावर असते तेव्हा ही पाटी वाचून मोकळी, वर "तुला काय दिसतंय म्हणा!" हे आहेच. अठरा वर्षं ऐकून घेतलं.

परवा हरतालिकेला तिने गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. "तारीख बघ रे जरा, हल्ली छापतात किती फिकट." मी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी नाकाशी धरली आणि महिना, साल, बॅच नंबर, किंमत सगळं घडाघडा वाचलं. ती ४४, मी ४७. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस तीन. छपाई अजिबात फिकट नव्हती.

मग गौरीजेवणाला घर भरलेलं असताना माझ्या डोक्यात किडा वळवळला. पुतणीच्या कंपासमधली पट्टी घेतली, पेपरातल्या छोट्या जाहिरातींचं एक कात्रण घेतलं आणि एकेकाला खिडकीपाशी बसवलं. कात्रण हळूहळू डोळ्यांकडे आणायचं, अक्षरं फुटायला लागली की थांबायचं, अंतर मोजायचं. चष्मेवाल्यांनी लांबचा चष्मा लावूनच.

पुतणी (९) सात सेंटीमीटरवर थांबली, तेही डोळे तिरळे करून हसायला लागली म्हणून. भाचा (१९) दहा. वहिनी (३३) सोळा. बायको एकोणतीस. मी चष्मा लावून चौतीस. आई (७४, दोन्ही मोतीबिंदू काढलेले) जवळपास ऐंशी. तिच्यासाठी टेप आणावी लागली. सातवे उमेदवार सासरे (७०), पण त्यांनी मोजूच दिलं नाही. "माझा वाचायचा चष्मा दोन वर्षांपूर्वी सुटला, मला कसली परीक्षा," म्हणाले आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यातल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

आता प्रश्न. हे नेमकं काय झिजतं? शाळेत आम्हाला 'स्नायू दुबळे होतात' असं शिकवलं होतं. तसं असेल तर व्यायामाने सुधारायला हवं. आणि आईच्या डोळ्यांत तर प्लास्टिकचं भिंग आहे, मग ते ऐंशीवरचं तरी कसं दिसतं?

अर्धाकप

पट्टी तिसाचीच असल्यामुळे तुम्ही स्वतः चार सेंटीमीटरने नापास झालात, एवढं नोंदवून जागा राखतो.

टाचणी

आपल्या भाषेची गंमत बघा. 'चाळिशी' म्हणजे वयही आणि चष्माही. "माझी चाळिशी कुठे ठेवलीस?" असं माझी सत्तरीतली आजी विचारायची. डॉक्टर जो ग्रीक शब्द वापरतात त्याचा अर्थ 'म्हातारा डोळा', आणि आपल्या शास्त्राच्या पुस्तकात 'वृद्धदृष्टिता'. चाळिशीच बरी की, निदान वृद्ध तरी म्हणत नाही.

माझी आई ब्लाउज शिवते, त्यावर सावकाश लिहीन. आधी कोणीतरी जाणकार येऊ दे.

भिंगवाली

जाणकार की काय माहीत नाही, पण वीस वर्षं मिरजेला लोकांच्या नाकावर ट्रायल फ्रेम ठेवतेय. धागाकर्त्यांनी पट्टी घेऊन जे केलं, ते आम्हीही करतो, फक्त आमच्या पट्टीला दांडा असतो.

आधी आकडे वाचूया. शंभराला तुमच्या सेंटीमीटरने भागा, म्हणजे डायॉप्टर मिळतात, फोकस करायच्या ताकदीचं माप. पुतणी १४, भाचा १०, वहिनी ६, बायको साडेतीनच्या आत, तुम्ही तीनच्या आसपास. डॉंडर्स नावाच्या डच डॉक्टरांनी १८६४ साली वयानुसार जो उतार मांडला, त्याच घसरगुंडीवर तुमचं घर बसलंय. गंमत म्हणजे ही घसरण चाळिशीला सुरू होत नाही, ती शाळेतच सुरू झालेली असते. तुमच्या भाच्याने पुतणीच्या मानाने चार डायॉप्टर गमावलेत आणि त्याला पत्ताही नाही, कारण दहा सेंटीमीटरवर धरून कोणी वाचत नाही. बॅंकेतली शिल्लक रोज कमी होत असते, चेक परत येतो तेव्हा कळतं, तसं हे.

आता झिजतं काय. डोळ्याची प्रकाश वाकवण्याची ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातले चाळीसच्या वर पुढच्या पारदर्शक काचेचे, म्हणजे पारपटलाचे, आणि ते बदलत नाहीत. लांबून जवळ येताना जो फरक पडतो तो आतल्या भिंगामुळे. हे भिंग अतिशय बारीक धाग्यांनी भोवतालच्या स्नायूच्या कड्याला टांगलेलं असतं. सायकलचं चाक डोळ्यांपुढे आणा: मध्ये भिंग, आरे म्हणजे धागे, बाहेर स्नायूची रिंग. लांब बघताना स्नायू सैल असतो, रिंग मोठी असते, धागे ताणलेले असतात आणि भिंग चपटं राहतं. जवळ बघायचं झालं की स्नायू आवळतो. आवळतो म्हणजे बटव्याची नाडी ओढावी तशी रिंग लहान होते. रिंग लहान झाली की धागे सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणाने फुगून गोल होतं. भिंगाला कोणी दाबत नाही, त्याला फक्त मोकळं सोडलं जातं.

इथेच सगळी गोम आहे. नाडी ओढणारा स्नायू साठीतही व्यवस्थित काम करतो, एमआरआयमध्ये तो आवळताना दिसतो. पण मोकळं सोडलेलं भिंग फुगायलाच तयार नसतं, कारण ते कडक झालेलं असतं. त्यामुळे 'स्नायू दुबळे होतात' हे शाळेतलं वाक्य सोपं आहे, पण नेम चुकलेलं आहे.

आणि कडक का होतं? त्वचेच्या जुन्या पेशी झडून जातात. भिंगाच्या पेशींना झडायला बाहेर वाटच नाही, ते बंद पिशवीत असतं. बाहेरून नवे थर चढत राहतात, जुने आत दाबले जातात, कांद्यासारखे. जाडी दरवर्षी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याने वाढते. रक्तवाहिन्या नाहीत, असत्या तर आरपार दिसलं नसतं. आणि आतली प्रथिनंही बदलली जात नाहीत, दुरुस्त होत नाहीत. तुमच्या भिंगाचा अगदी मधला कण तुमच्या जन्माआधीचा आहे.

आईंचं ऐंशी सेंटीमीटर: प्लास्टिकचं भिंग फुगत नाही, बरोबर. पण बाहुली वयाबरोबर लहान होते, जवळ बघताना आणखी आवळते, आणि तुम्ही त्यांना खिडकीच्या उजेडात बसवलं होतंत. लहान भोकातून कमी धूसर दिसतं, एवढंच ते. तुमच्या नि बायकोच्या आकड्यांतही हा फुकटचा वाटा मिसळलेला आहे. काटेकोर मोजलं तर भिंगाची खरी हालचाल पन्नाशी ओलांडता ओलांडता जवळजवळ संपते.

एक विचारायचंय. सासऱ्यांचा चष्मा 'सुटला' म्हणजे नेमकं काय झालं? आणि टीव्हीच्या पुढ्यातली ती खुर्ची आधीपासून तिथेच होती का?

डोंगरवाट

दंडवत! बटवा डोक्यात फिट बसला. खुर्ची आधी भिंतीला लागून असायची. पुढे आली, कारण त्यांच्या मते नव्या टीव्हीचा आवाज लहान आहे. का हो?

भिंगवाली

लांबचं तपासून घ्या. लवकर. सविस्तर नंतर लिहिते, दुकानात गर्दी आहे.

निसर्गोपचारी_नाना

सर्वांना नमस्कार. एवढी मोठी शास्त्रीय माहिती वाचून आनंद झाला, पण आपल्या पूर्वजांकडे चष्मे होते का? त्राटक, तळहात चोळून डोळ्यांवर ठेवणे, सकाळी अनवाणी गवतावर चालणे, यांनी माझा स्वतःचा दीड नंबर कमी झाला आहे. चष्मा ही कुबडी आहे. एकदा लावली की डोळा आळशी होतो आणि नंबर वाढतच जातो. माझे सख्खे काका ८० व्या वर्षी बिनचष्म्याने ज्ञानेश्वरी वाचत.

प्रयोगवही

नाना, वाद नको, प्रयोग करूया. मी निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, हात शिवशिवतात.

डोळा फोकस कसा बदलतो याच्या तीन शक्यता लोक मांडत होते: पुढचं पारपटल जास्त वाकतं, किंवा अख्खा डोळा लांबतो, किंवा भिंग बदलतं. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने (प्रकाशाच्या लहरींवाला तोच) १८०१ साली स्वतःच्या डोळ्यांवर हे एकेक तपासलं. पारपटलाची ताकद तिच्यापुढे हवा असण्यावर अवलंबून असते. म्हणून त्याने पाण्याने भरलेली, भिंग बसवलेली एक नळी डोळ्याला लावली. पारपटल पाण्यात गेलं, त्याची करामत संपली. तरी फोकस बदलत होता. मग डोळा पुढून-मागून असा दाबून धरला की लांबायला जागाच उरू नये. तरी फोकस बदलत होता. शिवाय ज्यांचं भिंग काढलेलं होतं अशा माणसांना तपासलं, त्यांना फोकस बदलता येत नव्हता. उरलं भिंग. वयाच्या अठ्ठाविशीच्या आत त्याने हे केलं. मात्र भिंग स्वतःच स्नायूचं बनलेलं असतं असं तो समजत होता, ते चुकलं. कड्याचा आणि सैल धाग्यांचा हिशेब हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडला.

विसाव्या शतकात विल्यम बेट्स या अमेरिकन डॉक्टराने उलटं सांगितलं, की भिंगाचा काही संबंध नाही, बाहेरचे स्नायू डोळा लांब-आखूड करतात. तळहात डोळ्यांवर ठेवायचे बरेच व्यायाम १९२० च्या आसपास त्याच्याकडून पसरले. म्हणजे पूर्वज असलेच तर न्यूयॉर्कचे. आणि यंगने ती शक्यता त्याच्या एकशे वीस वर्षं आधी निकालात काढली होती.

घरी करायचा प्रयोग त्याहून जुना आहे, शायनर नावाच्या जर्मन पाद्र्याचा, १६१९ चा. जुनं पोस्टकार्ड घ्या. टाचणीने दोन भोकं पाडा, एकमेकांपासून दोन मिलिमीटरवर, म्हणजे दोन्ही भोकं बाहुलीच्या आत मावतील. आडव्या रेषेत धरून कार्ड एका डोळ्याला चिकटवा, दुसरा झाका. समोर दोन सुया उभ्या खोचा, एक वीतभर अंतरावर, दुसरी खोलीच्या पलीकडे. लांबच्या सुईवर नजर लावली की जवळची दोन दिसते. जवळचीवर लावली की लांबची दोन. तरण्या माणसाला हा खेळ झटक्यात जमतो. चाळिशीवाल्याने जवळची सुई कितीही निरखली तरी ती दोनच राहते, एक व्हायला तिला मागे सरकवावी लागते. इथे बाहुलीचा फुकटचा वाटाही मदतीला येत नाही.

नाना, तुम्ही त्राटकाआधी आणि सहा महिन्यांच्या त्राटकानंतर हे अंतर मोजून इथे टाका. मी वाट बघतो.

निसर्गोपचारी_नाना

सगळ्याच गोष्टी सुईने मोजता येत नाहीत, सर.

अर्धाकप

नाना, पण ही येते ना!

बांगडातिखले

आमच्याकडे मालवणात आजी मुलांना सरंग्याचं डोकं वाढताना म्हणायची, "डोळो खा, नदर बरी रवता." त्या डोळ्यातली पांढरी कडक गोळी आम्ही चघळून झाल्यावर मोत्यासारखी जपून ठेवायचो. मोठेपणी कळलं की ते माशाचं भिंग. कच्च्या माशात ते काचेसारखं आरपार असतं आणि पूर्ण गोल. शिजवलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट पांढरं होतं.

माशाचं भिंग मुळातच गोटीसारखं टणक. ते फुगत नाही, चपटं होत नाही. फोकस करायला मासा ते अख्खं पुढे-मागे सरकवतो, कॅमेऱ्यासारखं. म्हणजे माशाला आपल्यासारखी चाळिशी लागायचं कारण नाही. पाण्याखाली पारपटल निकामी (वर सरांनी सांगितलंच), म्हणून भिंगालाच सगळं काम, म्हणून ते एवढं गोल.

आणि कडक होण्याबद्दल: आमच्या भाषेत सांगायचं तर शहाळ्यातली मलई आणि जून नारळाचं खोबरं. वस्तू तीच. मलई चमचा लावला की वाकते, खोबरं खवणीवरच.

प्रयोगवही

खोबरं उचललं! माशांवरून आठवलं. भिंगाचा गाभा जन्माआधीचा आणि पुढे न बदलणारा, याचा उपयोग करून ग्रीनलंड शार्कचं वय काढलंय. २०१६ साली भिंगाच्या गाभ्यातला कार्बन तपासला. सर्वांत मोठ्या, पाच मीटरच्या मादीचा अंदाज ३९२ वर्षं निघाला, आणि चूक-भूल धरूनही किमान २७२. शिवाजी महाराजांच्या काळातलं असू शकेल असं भिंग, आणि ते घेऊन पोहणारा मासा. मी दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत फिरत होतो.

स्प्रेकाठ

बर्लिनहून. हेल्महोल्ट्झचा पुतळा इथे हुम्बोल्ट विद्यापीठाच्या दारात आहे, रोज बसमधून दिसतो. पण बाबा नेमके काय म्हणाले होते हे मराठी धाग्यावर कळावं!

माझा अनुभव प्रोग्रेसिव्ह काचेचा. वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये हळूहळू बदलत जाणारं. पहिल्या आठवड्यात भुयारी रेल्वेचा जिना उतरताना पायऱ्या तरंगायला लागल्या, कारण खाली बघितलं की नजर वाचायच्या भागातून जाते आणि पायरी काही चाळीस सेंटीमीटरवर नसते. दुकानदारीणबाईंनी सांगितलं ते इथे देतो: जिन्यावर डोळे नाही, हनुवटी खाली करायची. चार दिवसांत जमलं.

दोन काचांची युक्ती बेंजामिन फ्रॅंकलिनने १७८५ च्या पत्रात लिहून ठेवलीय. दोन चष्म्यांच्या काचा अर्ध्या कापून एका चौकटीत बसवल्या. पॅरिसमध्ये जेवताना खालून ताटातलं दिसायचं आणि वरून समोरच्याचा चेहरा. त्याचं म्हणणं, चेहरा दिसला की फ्रेंच जास्त समजतं. जर्मन सासुरवाडीत मी याची खात्री देऊ शकतो.

भिंगवाली

आता सविस्तर.

नानांच्या काकांविषयी. म्हाताऱ्या माणसाला बिनचष्म्याने वाचता येतं, मी असे शेकड्यांनी बघितलेत. एक, मुळातच थोडा मायनस असतो, धागाकर्त्यांसारखा. मायनस तीनवाल्याचा डोळा काही न करता ३३ सेंटीमीटरवर फोकस झालेला असतो. त्याला चाळिशी लागतेच, फक्त ती चष्मा काढून टाकून भागते. अशी माणसं "माझा प्लस आणि मायनस एकमेकांत वजा झाला" म्हणतात. नाही झाला. एसटीची पाटी अजूनही चष्म्याशिवाय दिसत नाही ना? पंचविशीत लेझर करून मायनस घालवलेल्यांना मात्र ही सवलत मिळत नाही, ते बिचारे चाळिशीत पुन्हा काउंटरवर येतात. दोन, एक डोळा लांबचा आणि एक जवळचा, आणि मालकाला आयुष्यभर पत्ता नाही. तीन, बारीक बाहुली आणि अंगणातला लख्ख उजेड. मूठ वळून मधल्या बारीक भोकातून वाचून बघा, अक्षरं उमटतात.

चौथं कारण वाईट आहे. साठी-सत्तरीत चष्मा 'सुटतो'. घरचे कौतुक करतात, कोणी गाजराच्या रसाला श्रेय देतं. भिंगाचा गाभा दाट व्हायला लागला की त्याची ताकद वाढते, माणूस मायनसमध्ये सरकतो, जवळचं दिसायला लागतं आणि लांबचं जातं. हा मोतीबिंदूचा एक प्रकार आहे. म्हणून ती खुर्ची विचारली.

"चष्म्याने नंबर वाढतो" याबद्दल. जवळचा नंबर चष्मा लावा न लावा, वाढतोच, कारण भिंग कडक व्हायचं थांबत नाही. साधारण साठीपर्यंत दोन-अडीच-तीनवर जाऊन थांबतो. वाढायला मागे काही उरलेलंच नसतं. ज्यांनी हट्टाने पाच वर्षं लावला नाही तेही तिथेच पोचतात, फक्त पाच वर्षं डोकं दुखवून.

नंबर कसा ठरतो तेही सांगते, कारण लोकांना वाटतं तो वयावरून ठरतो. धागाकर्त्यांच्या पत्नी घ्या. शिल्लक साडेतीन. पेपर ४० सेंटीमीटरवर धरतात, त्याला अडीच लागतात. म्हणजे पुरेसे आहेत की! पण सगळी शिल्लक वापरून तास-तास वाचता येत नाही, निम्मी राखून ठेवावी लागते. निम्मी म्हणजे पावणेदोन. कमी पडले पाऊण. त्यांना पाऊण किंवा एक नंबर पुरेल. पण त्याच बाई मोत्यांची कामं २५ सेंटीमीटरवर करत असतील तर चार लागतील, आणि हार्मोनियमवर ठेवलेली वही ६५ वर असेल तर दीडात भागेल, चष्माच नको. म्हणून येताना आपलं कामाचं अंतर मोजून आणत जा. कोणीही आणत नाही.

टाचणी

हे अंतराचं वाचलं आणि आईची गोष्ट लिहायचीच म्हणून बसले.

आई ब्लाउज शिवते, पस्तीस वर्षं. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने काळ्या कापडाची कामं घेणं बंद केलं. गिऱ्हाइकाला सांगायची, सुतक आहे, नवस आहे, काहीही. आम्हाला वाटायचं अंधश्रद्धा. खरं कारण संध्याकाळी काळ्यावर काळा टाका दिसत नव्हता. सुई मात्र मला ओवायला लावायची, सकाळी शाळेला जायच्या आधी दहा सुया ओवून उशीला टोचून जायचं हे माझं काम. ते मला आवडायचं म्हणून मीही कधी विचारलं नाही.

शेवटी बाजारातून रेडीमेड चष्मा आणला, दीडचा. पेपर छान दिसला, सुई नाही. सुई ती २५-३० वर धरते हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि संध्याकाळी बाहुली मोठी होते म्हणून सगळं जास्त फुटतं, हे आज कळलं. नंतर नीट तपासून शिवणाचा वेगळा चष्मा केला. काळी ब्लाउजं पुन्हा सुरू झाली. मधल्या सहा वर्षांत गेलेली गिऱ्हाइकं काही सगळी परतली नाहीत.

प्रयोगवही

हे फक्त तुमच्या आईचं नाही. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या पाने खुडणाऱ्यांवर असाच अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. ७५१ माणसं, अर्ध्यांना साधा वाचायचा चष्मा लगेच, अर्ध्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मेवाल्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. वाचता न येणाऱ्यालाही 'वाचायचा' चष्मा लागतो, हे नाव बदलायला हवं.

अर्धाकप

गंभीर प्रश्न, पहिल्यांदाच. २०२४ मध्ये 'थेंब टाका, चष्मा फेका' अशी बातमी मोबाइलवर फिरत होती. तिचं काय झालं?

भिंगवाली

ते पायलोकार्पिन. दक्षिण अमेरिकेतल्या एका झुडपातून मिळालेलं जुनं औषध, काचबिंदूसाठी शंभराहून अधिक वर्षं वापरात. बाहुली बारीक करतं. मुठीच्या भोकाची युक्तीच, बाटलीतली. भिंग मऊ होत नाही. अमेरिकेत २०२१ ला चाळिशीसाठी परवानगी मिळाली. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली, आणि जाहिरातीतले दावे परवानगीच्या पलीकडे गेले म्हणून सप्टेंबरमध्ये ती स्थगित झाली. परिणाम काही तासांचा, रात्री अंधुक दिसतं, काहींचं डोकं दुखतं. मोठा मायनस असलेल्यांनी डोळ्याच्या आतला पडदा तपासल्याशिवाय हातही लावू नये.

रेडीमेडबद्दल माझं मत दुकानदारांना आवडत नाही, पण सांगते. दोन्ही डोळे सारखे आणि तिरपा नंबर नसेल तर शंभर-दीडशे रुपयांच्या चष्म्याने डोळा बिघडत नाही. बिघडतं ते वेगळं: चष्मा फुटपाथवर मिळाला म्हणून माणूस तपासणीला येतच नाही, आणि काचबिंदू गुपचूप पुढे जातो. चाळिशी हे निदान डोळ्याचा दाब मोजून घ्यायचं निमित्त असतं.

डोंगरवाट (धागाकर्ता)

अपडेट. सासऱ्यांना बळेच नेलं. उजव्या डोळ्याला मायनस साडेतीन, डाव्याला मायनस अडीच. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा आधी काढायचा ठरलाय. रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटतात म्हणून त्यांनी वर्षभरापूर्वी रात्रीची स्कूटर बंद केली होती, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. आम्हाला "गुडघा दुखतो" सांगितलं होतं. भिंगवालीताई, काय बोलू.

पोस्टकार्डाचा प्रयोगही केला. पोस्टकार्ड मिळालं नाही, लग्नपत्रिका वापरली. पुतणीला दोन्ही सुया पाळीपाळीने एक करता आल्या. मला चष्मा लावून जवळची काही केल्या एक होईना. चष्मा काढल्यावर झाली, पण लांबची कायमची दोन. बायकोने दोनदा करून बघितलं आणि सुया उचलून डब्यात टाकल्या.

तिने एक नंबरचा चष्मा केला आहे. आता बसची पाटी वाचताना तो डोक्यावर असतो आणि घरात मी 'ढापण्या' हा शब्द तीन दिवसांत ऐकलेला नाही.

निसर्गोपचारी_नाना

सासऱ्यांना शुभेच्छा. सर, अंतर मोजलं. छत्तीस सेंटीमीटर. सहा महिन्यांनी परत मोजतो.

प्रयोगवही

नाना, वहीत तारीख घालून ठेवा. मी पण माझं घालतो.

बांगडातिखले

भिंगवालीताई, कोळंबी सोलताना मधला काळा दोरा दिसत नाही हल्ली. तांबूस कोळंबी, काळा दोरा, स्वयंपाकघरात पिवळा दिवा. कुठला नंबर?

भिंगवाली

आधी दिवा पांढरा करा. मग ताटात कोळंबी घेऊन नेहमीसारखे बसा आणि डोळ्यापासून ताटापर्यंत पट्टी लावा. आकडा घेऊन या. कोळंबी घेऊन आलात तरी चालेल.